झळ पाच मिनिटांची, जाग दीड तासाची: पाळी जातानाची झोप परत परत का बिघडते आणि ती कशी बसवायची

तक्रार बेळगावात ऐका, निपाणीत ऐका नाहीतर खानापूरकडच्या एखाद्या वाडीत, शब्द जवळपास तेच असतात. "रात्री दीड-दोनला अंगातून वाफ निघाल्यागत होतं, मानेपासून घाम फुटतो, पदर भिजतो. उठून बसते, पाणी पिते आणि मग सकाळपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही." मग कुणी जायफळ-दूध सांगतं, कुणी मेडिकलमधली गोळी. पंधरा दिवस बरे जातात आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

इथं दोन बिघाड एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला म्हणजे झळ. ती साधारण एक ते पाच मिनिटं टिकते. दुसरा म्हणजे झळेनंतरची जाग, जी तास-दीड तास रेटते. झळ इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरल्यामुळं येते, त्यात आपली काही चूक नाही. पण जाग लांबते ती अंथरुणात त्यापुढं काय घडतं त्यामुळं, आणि ही सवय झळा कमी झाल्या तरी मागं उरते. नुसत्या झळेच्या मागं लागणाऱ्या बाईची झोप म्हणूनच परत परत उलटते.

झोपेसाठीचे वर्तनोपचार, ज्यांना डॉक्टर सीबीटी-आय म्हणतात, या दुसऱ्या बिघाडावर थेट काम करतात. जुनाट निद्रानाशाला गोळीच्या आधी हेच द्यावं, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ साली केली. त्याच वर्षी झळा येणाऱ्या १०६ बायकांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांत सहा फोन, प्रत्येक वीस ते तीस मिनिटांचा, एवढ्यावर त्यांची झोप चांगलीच सुधारली आणि झळांमुळं होणारा खोळंबाही कमी झाला. झळा मोजून कमी होतील अशी आशा मात्र यातून धरू नका. कमी होतो तो त्यांचा जाच. आणि "जातील आपोआप" म्हणून वाट बघायची म्हटली तर हिशोब परवडत नाही. अमेरिकेतल्या 'स्वान' या दीर्घ अभ्यासात वारंवार झळा येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या जणींना त्या ७.४ वर्षांहून जास्त काळ येत राहिल्या.

आधी हे वगळा

रात्रीचा प्रत्येक घाम पाळी जाण्याचा नसतो.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे आणि घामाबरोबर हातपाय थरथरतात, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक लागते? त्याच वेळी ग्लुकोमीटर लावा. आकडा ७० च्या खाली असेल तर ती झळ नाही, साखर उतरलीय. तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत बघायचं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून डोस तपासून घ्यायचा. संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेलं वजन आणि दोन आठवड्यांवरचा खोकला असेल तर टीबीची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. छाती आवळून घाम येत असेल, जबड्यात किंवा हातात कळ जात असेल, तर "झळच असेल" म्हणून अंगावर काढायचं नाही, रात्रीच निघायचं. थायरॉईड वाढलं तरी असाच घाम येतो आणि छाती धडधडते. साध्या रक्ततपासणीत ते कळतं. पाळी बंद होऊन बारा महिने उलटल्यावर परत रक्त दिसलं, थेंबभर का असेना, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचंच.

घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं पाळी गेल्यावर वाढतं. हे स्वतःला कळत नाही; नवऱ्याला नाहीतर शेजारी झोपणाऱ्या लेकीला विचारा. घोरता घोरता एकदम शांतता आणि मग हिसका देऊन श्वास, असं सांगितलं तर आधी त्याची तपासणी. आडवं झालं की पायात ओढ लागते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं असेल तर रक्तातलं फेरिटिन तपासायला सांगा. लोह कमी असलं की हे होतं, आणि पाळीच्या शेवटच्या वर्षांत अंगावर जास्त गेलेल्या बायकांत लोह कमी असणं नवल नाही.

पिशवी काढलेल्या बायकांनी ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड कपाटातून काढून बघावं: दोन्ही अंडाशयही काढलेत का? काढले असतील तर झळा एका रात्रीत आणि जोरात सुरू होतात. ऑपरेशन पंचेचाळिशीच्या आत झालं असेल तर हार्मोनच्या उपचारांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी आधी बोला. तिथं प्रश्न झोपेपुरता नसतो, हाडं आणि हृदयही त्यात येतात. एरवीही झळांवर सगळ्यात जास्त परिणाम करणारं औषध हार्मोनच आहे. ज्यांना ते चालतं त्यांनी ते घ्यावं आणि सोबत खालचंही करावं, दोन्हींचं भांडण नाही.

सात दिवसांची वही

शाळेची जुनी वही चालेल. रोज सकाळी चहा घेताना एक ओळ: अंथरुणावर कधी पडले, डोळा अंदाजे कधी लागला, मध्ये किती वेळ जागी होते, शेवटी कधी उठले, दुपारी किती झोपले, शेवटचा चहा कधी, मशेरी लावत असाल तर शेवटची कधी. आणि एक खूण: आधी झळ आली की आधी जाग?

रात्री लिहायचं नाही. घड्याळही बघायचं नाही, अंदाज पुरतो. वही फसते ती बहुतेक दोन कारणांनी. एक तर तीन दिवसांचं एकदम आठवून लिहिलं जातं, नाहीतर दोन वाजता मोबाईल पेटवून "नक्की किती वाजले" हे बघून लिहिलं जातं. दुसरी चूक महाग पडते. दोन वाजलेत हे दिसलं की डोकं लगेच वजाबाकी करतं: पाचला उठायचं, म्हणजे तीनच तास उरले. त्या वजाबाकीनंच पुढचा तास जातो.

"आधी काय" ही खूण बारीक वाटते, पण तिचा उपयोग आहे. झोपेच्या प्रयोगशाळेत मोजलं तेव्हा रात्रीच्या पहिल्या अर्ध्यात झळ आधी आणि जाग नंतर, असा क्रम सापडला. दुसऱ्या अर्ध्यात स्वप्नांची झोप जास्त असते आणि त्या झोपेत शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा मंदावते. तिथं बऱ्याचदा जाग आधी येते आणि झळ नंतर जाणवते. तेव्हा वहीत सगळ्या खुणा बारा-एकच्या आतल्या असतील तर खोली आणि पांघरूण आधी बघा. पहाटे तीननंतरच्या जास्त असतील तर पंख्याशी झटापट करून फार हाती लागणार नाही. खालची झोपेची खिडकीच कामाला येईल.

झोपेची खिडकी: हिशोब असा

वहीतली एक रात्र घेऊ. साडेनऊला अंथरुणावर. डोळा लागला अकराला. एक चाळीसला झळ, जाग, परत डोळा तीनला. पाचला नळाचं पाणी म्हणून उठणं. अंथरुणात गेलेली मिनिटं ४५०. झोप १६० आणि १२० मिळून २८०. २८० भागिले ४५०, म्हणजे ६२ टक्के. सात दिवसांची अशी सरासरी काढायची.

आता अंथरुणातला वेळ, म्हणजेच झोपेची खिडकी, कापायचा. सरासरी झोप पावणेपाच तासांच्या आसपास असली तरी खिडकी साडेपाच तासांच्या खाली नेऊ नका. या वयात, घरचं आणि शेतातलं काम सांभाळून, त्याहून कमी झेपत नाही. उठायची वेळ आधी ठरवा, कारण आपल्याकडं ती हलत नाही: धारा, पाणी, डबे. पाच ठरली तर अंथरुणावर जायचं साडेअकराला. त्याआधी नाही, कितीही कंटाळा आला तरी.

सात दिवसांनी परत हिशोब. ८५ टक्क्यांवर गेलात तर पंधरा मिनिटं आधी झोपा, म्हणजे सव्वाअकरा. ८० ते ८५ असेल तर आहे तेच आणखी एक हप्ता. ८० च्या खाली असेल आणि खिडकी साडेपाच तासांहून मोठी असेल तर पंधरा मिनिटं कमी. एका हप्त्यात एकच बदल. बहुतेक जणींची गाडी सहा ते आठ आठवड्यांत साडेसहा-सात तासांच्या आसपास स्थिर होते.

कारण साधं आहे. दिवसभर जागं राहून झोपेचा दाब साठतो. साडेनऊला पडून तासन्‌तास लोळत राहिलं तर तो पातळ होतो, आणि मधली झळ बारीक असली तरी पूर्ण जागं करते. खिडकी आवळली की दाब दाट होतो आणि तीच झळ अर्धवट जागेपणातच निभावते.

फिट येणाऱ्या, बायपोलर आजार असलेल्या, झोपेत चालणाऱ्या किंवा श्वास अडकण्याचा आजार असून उपचार न घेतलेल्या बायकांनी खिडकी आवळायची नाही. डॉक्टरांना विचारून फक्त उठायची वेळ पक्की करायची. बाकीच्यांनीही पहिले दहा-बारा दिवस स्कूटी, कडबा कुट्टीचं मशीन आणि उकळत्या तेलाची कढई यांच्यापाशी जपून. पेंग येतेच.

"चार दिवस केलं, अंग मोडून आलं, सोडलं"

सगळ्यात जास्त जणी इथंच सुटतात. पहिल्या हप्त्यात आधीपेक्षा वाईट वाटतं, आणि ते उपचार लागू पडत असल्याचंच लक्षण असतं. चौथ्या दिवशी सोडणं म्हणजे भाकरी तव्यावर टाकून फुगायच्या आत उतरवणं. घरच्यांना आधी सांगून ठेवा, की पंधरा दिवस माझा पारा चढलेला असेल.

"रात्री झोप येईना, पण टीव्हीपुढं बसल्या बसल्या मान पडते"

नऊच्या मालिकेपुढं भिंतीला टेकून वीस मिनिटं डोळा लागला की साठलेल्या दाबातला मोठा वाटा खर्च झाला. साडेअकराला अंथरुणावर गेल्यावर डोळे टक्क उघडे. आठ ते साडेअकरा हा पट्टा सगळ्यात अवघड असतो, त्यासाठी कामं राखून ठेवा: भांडी, उद्याची भाजी निवडणं, अंगणात फेऱ्या. टेकून बसू नका. पाटावर, पाठ मोकळी. मालिका बघायचीच तर उभ्यानं कपड्यांच्या घड्या घालत बघा.

दुपारच्या झोपेचंही तेच. उन्हाळ्यात अथणी-चिकोडीकडं दुपारी आडवं होणं टळत नाही, हे खरं. वीस मिनिटांचा गजर लावा आणि तीनच्या आत उठा.

"उठून दुसऱ्या खोलीत जा म्हणतात, खोली आहे कुठं?"

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडलेला नियम असा: झोप येत नसेल तर अंथरूण सोडायचं, पेंग आल्यावरच परत यायचं, म्हणजे अंथरूण आणि जागरण यांची मेंदूत पडलेली गाठ सुटते. एका खोलीत पाच माणसं झोपणाऱ्या घरात हा नियम जसाच्या तसा चालत नाही. चालतं ते असं. दिवसा अंथरूण गुंडाळलेलंच हवं. त्यावर बसून भाजी नाही, फोन नाही, लोळणं नाही. रात्रीसाठी अंथरुणापासून दोन हात लांब, सोप्यात नाहीतर दाराच्या उंबऱ्याजवळ, एक चटई आधीच टाकून ठेवायची. पंधरा-वीस मिनिटं झोप नाही असं वाटलं की उठून तिथं बसायचं. हातात काहीतरी कंटाळवाणं: जपमाळ, वाती वळणं, जुनं मासिक. तांदूळ निवडू नका, त्याला उजेड लागतो. स्वयंपाकघर तर आवरायला घेऊच नका; एकदा ओटा पुसायला लागलं की बाई पूर्ण जागी होते आणि "झोप नाही तर काम तरी उरकतं" असं बक्षीस त्या जागरणाला मिळतं. मेंदू अशी बक्षिसं विसरत नाही.

गुडघे धरलेत, परत परत उठणं जमत नाही, अशांनी अंथरुणावरच भिंतीला टेकून बसावं आणि पेंग आल्यावर आडवं व्हावं. थोडं कमी लागू पडतं, पण पडतं.

"घाम येतो, मग थंडी वाजते, पांघरूण घेतलं की परत घाम"

हे चक्र नीट समजून घेण्यासारखं आहे. मेंदूत तापमानाचा एक पट्टा असतो: वरची रेघ ओलांडली की घाम, खालची ओलांडली की कुडकुड. झळा नसलेल्या बायकांत हा पट्टा प्रयोगात साधारण ०.४ अंश सेल्सिअस रुंद सापडला. झळा येणाऱ्यांत जवळपास शून्य. म्हणजे शरीर अगदी किंचित तापलं तरी घाम सुटतो, त्यानं अंग गार पडतं, कुडकुड होते, आपण वाकळ गळ्यापर्यंत ओढतो, अंग परत तापतं आणि दुसरी झळ तयार.

त्यामुळं जाड वाकळ एकटी वापरू नका. खाली पातळ सुती चादर किंवा जुनं धुवट लुगडं, वर हलकी वाकळ, आणि वाकळ फक्त कमरेपर्यंत. झळेत वाकळ पायानं ढकलायची, चादर राहू द्यायची. नायटी सुती, सॅटिन आणि पॉलिस्टरची घाम धरून ठेवते आणि मग गार लागते. उशाला एक कोरडा पंचा आणि बदलायचा सुती ब्लाऊज, अंधारात हाताला लागेल असा. ब्लाऊज शोधायला दिवा लावला की जाग पक्की होते.

पंखा चेहऱ्यावर नको, पोटापासून पायांकडं. नवऱ्याला पंखा सोसत नसेल तर छताचा बंद करून आपल्या बाजूला टेबल फॅन, जमिनीपासून हातभर उंचीवर. लाइट गेली तर विंझणा उशाशी. मार्च ते मे पत्र्याचं छप्पर आणि स्लॅब दिवसाची ऊब रात्री एकपर्यंत सोडत राहतात. त्या दिवसांत पहिला अर्धा भाग सोप्यात किंवा पडवीत झोपणं बरं. खानापूरकडच्या पावसात उलट अडचण: हवा थंड, पण ओलसर, घाम वाळतच नाही. तिथं पांघरूण कमी करण्यापेक्षा हवा हलती ठेवणं महत्त्वाचं, आणि वाकळ ऊन मिळेल त्या दिवशी वाळवणं.

झोपायच्या तोंडावर कढत पाण्यानं आंघोळ नको. कोमट पाणी, दीड तास आधी.

झळ येते त्या पाच मिनिटांत

पहिली चाहूल, छातीत ऊब नाहीतर विनाकारण बेचैनी, लागली की: खांदे सोडा, जबडा सैल करा, वाकळ ढकला. श्वास पोटानं, सावकाश, मिनिटाला सहा-आठ. डोळे मिटलेलेच. मनात एकच वाक्य, आपल्या भाषेत: "आली, चढेल, उतरेल." घाम पुसणं शेवटी, एकदाच.

श्वासाबद्दल खरं तेच सांगायला हवं. नुसत्या सावकाश श्वासानं झळांची संख्या कमी होते असं चाचण्यांत टिकलेलं नाही, आणि उत्तर अमेरिकेतल्या रजोनिवृत्ती संस्थेनं २०२३ साली झळांवरचा उपाय म्हणून त्याची शिफारस केलेली नाही. सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याच्या उपचारांची, मात्र केली आहे. श्वासाचं काम इथं वेगळं: झळेबरोबर जी घाबरगुंडी उडते ती आवरणं. झळेत सराव करता येत नाही. दिवसा दोनदा, दहा-दहा मिनिटं, दूध तापेपर्यंतच्या वेळात करा, म्हणजे रात्री आपोआप होतं.

जी चूक दिसते ती ही: झळ आली की तडक उठून तोंड धुणं, गार पाण्याचा तांब्या रिकामा करणं, दार उघडून बाहेर उभं राहणं. तेवढ्यात झळ उतरलेलीच असते, पण बाई आता टक्क जागी असते आणि तासाभरात लघवीलाही उठावं लागतं. दोन घोट पाणी पुरे.

मनातली वाक्यं

लांबलेल्या जागरणातला निम्मा वेळ ही वाक्यं खातात. वहीच्या मागच्या पानावर ती जशीच्या तशी लिहा, समोर त्याचं तपासलेलं उत्तर. नुसतं "चांगला विचार करा" नव्हे, पुराव्यानं तपासायचं.

"आज झोपले नाही तर उद्या माझ्याच्यानं काहीच होणार नाही." मागच्या सात दिवसांची वही उघडा. तीन तास झोप झालेल्या दिवशी काय काय झालं ते लिहा. स्वयंपाक झाला, डबे गेले, बाजार झाला. चिडचिड जास्त झाली, हे खरं. उत्तर: "उद्या जड जाईल, पण जाईल."

"लग्नात इरकल नेसून घामानं निथळले, सगळ्या माझ्याकडंच बघत होत्या." घरी आल्यावर जावेला विचारा, तुला काय दिसलं? बहुतेकदा तिला काहीच दिसलेलं नसतं, नाहीतर "गर्दीत सगळ्यांनाच उकडत होतं" हे उत्तर येतं. आपल्याला आतून जेवढी भट्टी जाणवते तेवढी बाहेर दिसत नाही. आणि दिसलंच तर एक वाक्य तयार ठेवा: "या वयात होतंय की, जरा वारा घे इकडं." लपवण्यात जेवढं बळ जातं तेवढीच झळ लांबल्यासारखी वाटते.

काळज्यांना दिवसाचा वेळ द्या. संध्याकाळी सहा-सातच्या दरम्यान पंधरा मिनिटं, दिवा लावल्यावर: कर्जाचा हप्ता, मुलीचं स्थळ, सासूचं औषध. प्रत्येकासमोर उद्याचं एकच पाऊल. रात्री तीच काळजी आली तर "तुझी वेळ उद्या सहाला." पहिले काही दिवस खुळचट वाटतं. चालू ठेवा.

चहा, मशेरी, तिखट

कॅफिन अंगातून निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. पाहुण्यांबरोबर सहाला घेतलेला कडक चहा अकराला अर्धा शिल्लक असतो. शेवटचा चहा दोनच्या आत. संध्याकाळी कुणी आलंच तर धने-जिऱ्याचा कषाय.

निपाणी-चिकोडी पट्ट्यात मशेरीबद्दल डॉक्टर विचारत नाहीत आणि बायका सांगत नाहीत. मशेरी म्हणजे तंबाखूच, आणि तंबाखूतलं निकोटिन जागं करतं. रात्री झळेनंतर "जरा बरं वाटावं" म्हणून हिरड्यांना लावलेली चिमूट पुढची झोप घालवते. सुटली तर उत्तमच, तोंडाच्या कर्करोगाचा धोका तिच्यातही आहे. तोवर निदान रात्रीच्या जेवणानंतर नाही आणि मध्यरात्री तर नाहीच.

संकेश्वरी मिरचीचा ठेचा किंवा तिखट रस्सा यानं प्रत्येकीला झळ येत नाही. सरसकट बंद करून जेवणाची चव घालवू नका. वहीत तिखट रात्रीची खूण करा, दोन हप्ते बघा. फरक दिसला तर रात्रीचं तिखट दुपारी न्या.

"जत्रेहून आले आणि सगळं परत बिघडलं"

यल्लम्माच्या डोंगराला दोन रात्री, लग्नसराई, पाहुणे, उसाच्या हंगामात रात्रभर टेप लावून जाणारे ट्रॅक्टर: घडी विस्कटणारच. विस्कटल्यावर जे केलं जातं तिथं चूक होते: दुसऱ्या दिवशी लवकर पडणं, उशिरा उठणं, दुपारी दोन तास. झोप "भरून काढायची" नसते. उठायची वेळ तीच, पाच म्हणजे पाच, आणि झोपायची खिडकी तीन-चार दिवसांसाठी पुन्हा अर्ध्या तासानं आवळायची, पण साडेपाच तासांच्या खाली नाही. घडी बसायला हप्ता पुरतो. सलग दोन हप्ते ८० टक्क्यांखाली राहिलात तर पहिल्या पानापासून वही नव्यानं.

झोपेची गोळी आधीच चालू असेल

अल्प्राझोलामसारखी गोळी महिनोन्‌महिने घेत असाल तर एकदम बंद करू नका. झोप उडते, घाम आणि धडधड वाढते, क्वचित फिटही येते, आणि हे सगळं "झळाच वाढल्या" असं वाटून गोळी परत सुरू होते. डॉक्टरांकडून थोडी थोडी उतरवून घ्यायची, आणि शक्यतो खिडकीचा हिशोब बसल्यावर.

मदत कुठं

टेली-मानस १४४१६ हा फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. झोप, चिंता, उदासी यासाठीच तो आहे. दोन हप्त्यांवर मन उदास आहे, कशातच रस नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर वही बाजूला ठेवून आधी तिथं फोन. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था, डिम्हान्स, गाठणंही अवघड नाही. तिथं "गोळी द्या" न म्हणता "झोपेसाठी सीबीटी-आय आहे का" असंच विचारा आणि सात दिवसांची वही पुढं ठेवा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर कन्नड बोलणारे असतील आणि जीभ अडखळत असेल तर एवढं पुरतं: "रात्री निद्दी बरंगिल्ल, मै बेवरतैति." म्हणजे रात्री झोप येत नाही, अंगाला घाम येतो. पाळी जाण्याला कन्नडमध्ये "ऋतुबंध" म्हणतात. केसपेपरवर तो शब्द दिसला तर घाबरू नका. शेवटची पाळी कोणत्या महिन्यात आली, पिशवी काढली असल्यास कधी, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी का असेनात, पिशवीत घालूनच घरातून निघा.